चौदा वर्षांचं पोर कॅन्डी मागायला आलं तर तुमचं काय बिघडतं?

कोजागरी

आमच्या इथे, मिशिगनमध्ये, कॉलनीच्या ग्रुपवर परवा एका मराठी बाईंनी टाकलं: "यंदा बारा वर्षांवरच्या मुलांना आमच्या दारात हॅलोवीनची कॅन्डी मिळणार नाही. एवढाले घोडे पाठवताना आईबापांनीच विचार करावा." (हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र, तेव्हा इथली मुलं सोंगं घेऊन दारोदार कॅन्डी मागत फिरतात.) खाली अंगठ्यांची ही रांग. तिथे मी गप्प बसले, कारण बसस्टॉपवर रोज तोंडं बघायची असतात. पण डोकं काही शांत होईना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा सातवीत आहे. उंची बापाच्या खांद्याच्या वर गेली, आवाज फुटलाय, ओठावर लव आलीय. गेल्या वर्षी सहावीत असताना त्याने फ्रिजच्या खोक्याचं व्हेंडिंग मशीन केलं होतं. पुढे पारदर्शक प्लास्टिक, आत तारेची वेटोळी, बाजूला बाटल्यांच्या झाकणांची बटणं. कुणी बटण दाबलं की हा आतून हाताने एक चॉकलेट खालच्या फटीतून सोडायचा. गल्लीतली बालवाडीतली पोरं त्याचा पिच्छा सोडत नव्हती. मग एका घरी दार उघडणाऱ्या गृहस्थांनी खोक्याकडे पाहिलंच नाही. "वय किती तुझं?" याने खरं ते सांगितलं, अकरा. "वाटत नाही," म्हणाले आणि कॅन्डीचं भांडं मागे घेतलं. शेजारी याचाच वर्गमित्र उभा, याच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, पण अजून आईच्या कोपराएवढा. त्याला मूठभर मिळालं.

म्हणजे मोजलं काय? उंची. वयाचं नुसतं निमित्त.

आणि ही पद्धत पसरली कशी, तेही बघा. १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेतल्या गावोगावी ३१ ऑक्टोबरच्या रात्री थोराड पोरं काचा फोडायची, कुंपणं उखडायची, गाड्या उलथवायची. त्यांना आवरायला म्हणून लोकांनी खाऊ आणि पार्ट्या सुरू केल्या. पुढे महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ मध्ये उठलं आणि मग दारोदार कॅन्डी मागणं देशभर रुळलं. ज्या पोरांना धरून ठेवायला हा खाऊ होता, त्यांनाच आता दारातून परत पाठवायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. सोंग घेतलंय, आपली पाळी येईपर्यंत थांबलाय, थँक यू म्हणतोय, तर द्या. वयाचा दाखला मागू नका.

घाटावरचा

ताई, तुमचा मुलगा गुणी असेल. पण तुम्ही एका मुलावरून नियम करताय. आमच्या गल्लीत या, मग बोलू.

आमची वस्ती "चांगली कॅन्डी मिळते" म्हणून प्रसिद्ध झालीय. सातनंतर येतात ते हुडी घातलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हातात उशीचा अभ्रा. सोंग नाही, तोंडातून शब्द नाही, अभ्र्याचं तोंड उघडून पुढे करायचं बस्स. दोन वर्षांपूर्वी बायको आत फोन घ्यायला गेली तेवढ्यात तिघांनी अख्खं भांडं अभ्र्यात पालथं केलं. मागे पायरीवर चार वर्षांची एक मधमाशी उभी होती, पंख सावरत. तिला द्यायला घरात उरले होते ते पारले-जी. तिने घेतले बिचारीने.

आपल्याकडे बोरनहाण पाच वर्षांपर्यंतच करतात ना? चौदा वर्षांच्या पोराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवता का, डोक्यावर चुरमुरे ओतता का? प्रत्येक कौतुकाचं एक वय असतं. ते सरलं की ते कौतुक धाकट्यांसाठी सोडायचं. एवढं साधं आहे.

बारक्या

मी इथेच वाढलो, म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो.

मी नववीत गेलो तेव्हा आई म्हणाली, आता पुरे, लोक काय म्हणतील. त्या वर्षी मी घरी बसून भांडं सांभाळलं. माझे निम्मे मित्र कॅन्डीला गेले आणि निम्मे एकाच्या बेसमेंटमध्ये, ज्याचे आईवडील घरी नव्हते. पुढच्या वर्षी मीही बेसमेंटमध्ये होतो. तिथे काय चालायचं ते सांगत नाही, आई हे वाचते. पण रस्त्यावर जोकरच्या टोपीत फिरणारा पोरगा त्या रात्री कुठे आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. बेसमेंटमधला कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

काका, भांडं पालथं करणारे चोर होते. त्यांचं वय काढू नका, चोरी काढा. नऊ वर्षांच्या पोरानेही भांडं पालथं केलेलं मी पाहिलंय.

आणि बोरनहाणाचं म्हणाल तर माझ्या धाकट्या बहिणीचं झालं तेव्हा पाटावर ती होती, पण बोरं आणि गोळ्या वेचायला आम्ही दहा-बारा वर्षांचे सगळे पालथे पडलो होतो. लुटायला वय कुणी विचारलं नव्हतं. उलट मोठ्या पोरांनीच लहानांना वेचून दिलं.

रोखठोक

वय बारा की सोळा यावर एवढी चर्चा, पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. आपली मुलं अनोळखी माणसाच्या दारात पिशवी पसरून उभी का राहतात? माझ्या दोन्ही मुलांना मी कधीच पाठवलं नाही. घरात हवी तेवढी चॉकलेटं आणून दिली. ज्याच्या घरी सगळं आहे त्याने मागू नये, हे मी आईकडून शिकलो. पाच वर्षांच्या मुलालाही मागायची सवय नको आणि पंधरा वर्षांच्यालाही नको.

ऑक्टोबरात इथल्या मराठी घरांच्या दारांवर सांगाडे लटकलेले दिसतात. २०२४ ला दिवाळी नेमकी ३१ तारखेला आली होती. त्या संध्याकाळी आमच्या इथे आकाशकंदील किती घरांवर होते आणि कवट्या किती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. किल्ला करायला मुलांना वेळ नाही, पण कॉस्च्युमसाठी महिनाभर आधीपासून धावपळ.

दापोलीवाला

रोखठोक साहेब, कोकणात कधी शिमग्याला आलात का?

आमच्याकडे फाल्गुनात खेळे घरोघर येतात. संकासूर असतो, अंगात काळा पायघोळ झगा, डोक्यावरून तोंडापर्यंत काळा टोकदार मुखवटा, त्याला पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो घुंगुर अंगणाच्या कडेला वाजला की आम्ही पोरं माजघरात दडी मारायचो. गोमू असते, ती म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. हे सगळे बाप्ये. कुणी मुंबईच्या गिरणीतून रजा टाकून आलेला, कुणी चार पोरांचा बाप. अंगणात नाचतात, गातात आणि घरधनी त्यांना नारळ, तांदूळ, पैसे देतो. आमचे आजोबा खोतांच्या नात्यातले, भलते कडक, पण संकासुराला हात जोडून उभे राहायचे. कुणी म्हटलं नाही की एवढे बाप्ये दारोदार का फिरतात.

सोंग काढून दारात यावं आणि घरच्याने हातावर काहीतरी ठेवावं, हे जगभर आहे. आयर्लंड-स्कॉटलंडची मुलं सोंगं घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायची, तिथूनच हे अमेरिकेत आलं. यात लाज कसली?

रोखठोक

शिमग्याच्या पालखीची आणि कॅन्डीची बरोबरी? पालखी देवाची आहे. खेळे गावाच्या मानाने येतात, त्यांचे घराण्यांचे मान ठरलेले आहेत. देणारा देवाला देतो. इथे मूल स्वतःच्या पोटासाठी मागतं. दोन्ही एका तागडीत घालू नका, राग येतो.

दापोलीवाला

राग येऊ दे. होळीच्या आधी पोरं घरोघर लाकडं, गोवऱ्या मागत फिरतात, ती कुठली पालखी घेऊन फिरतात? आणि कुणी दिलं नाही तर रात्री त्याच्या परड्यातून उचलतात. सरळ सरळ देता की उचलू! अमेरिकेतलं "ट्रिक ऑर ट्रीट", म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, यात वेगळं काय आहे? आमच्यात लाकडं उचलणाऱ्यांत कॉलेजात गेलेली पोरं पुढे असायची, कारण ओंडके लहानांना पेलत नाहीत.

रोखठोक

तेच सांगतोय. त्या उचलण्याचं कौतुक, ज्यांचं स्वतःचं काही गेलं नाही तेच करतात. आमच्या आजोबांची आंबे उतरवायची शिडी होती, सागाची, त्यांनी स्वतः रंधा मारून केलेली. एका होळीला गावातल्या थोराड पोरांनी ती उचलून होळीत घातली. सकाळी आजोबा राखेतून लोखंडी पट्ट्या काढत होते. बोलले काहीच नाहीत, कारण "सण आहे, पोरं आहेत" असं सगळं गाव म्हणालं. पोरं कसली, मिसरुड फुटलेले बाप्ये होते ते. मोठ्या पोरांना सणाच्या नावाखाली सगळं माफ, हे मी तेव्हापासून मान्य करत नाही. आता कळलं का मला यात गंमत का वाटत नाही?

दापोलीवाला

शिडीचं वाईटच झालं. आमच्या गावात कुणी असं केलं असतं तर गावकीने भरपाई घेतली असती. पण एका गावच्या मवाल्यांवरून अख्खा शिमगा वाईट ठरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सुमनताई

मी लेकीकडे न्यू जर्सीला आलेय. यंदा हॅलोवीनला दारात बसायचं काम माझ्याकडे दिलंय, म्हणून सगळं वाचतेय.

रोखठोक, तुम्ही मागण्याचं बोललात. माझी आई नवरात्रात मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायची. घरी दूधदुभतं होतं, शेत होतं, वडील मामलेदार कचेरीत होते. तरी परडी घेऊन जायचीच. माणसाने वर्षातून एकदा तरी दुसऱ्याच्या दारात हात पसरावा, त्याने ताठा उतरतो, असं ती म्हणायची. तुमच्या आईंचं खोटं असं मी म्हणत नाही. माझ्या आईचंही ऐका.

दुसरं मला कोजागरीला सांगायचंय. आमच्या वाड्याच्या आळीत भोंडला असायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, एका घरचा झाला की दुसऱ्या घरी. खरी मजा खिरापत ओळखण्यात. झाकलेल्या डब्याचा आवाज ऐकून, वास घेऊन ओळखायची. मी त्यात पटाईत होते, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि खमंग काकडी मी डबा न हलवता सांगायचे. बारावं सरलं आणि मी मोठी झाले. त्या वर्षी आजी म्हणाली, आता फेर घरातलाच, बाहेर नाही. माझ्या बरोबरीच्या दोघी अजून जात होत्या, कारण त्यांचं अंग अजून भरलं नव्हतं. मी खिडकीतून त्यांची गाणी ऐकली. मला खिरापत नको होती. कालपर्यंत ज्यांच्यात होते त्यांच्यातून एका दिवसात कुणी उचलून बाजूला ठेवलं, ते लागलं.

पोराचं अंग वाढतं ते त्याच्या हातात नसतं. अंगाकडे बघून "तू आता मोठा" म्हणू नका. त्याचं त्याला कळतं. एका वर्षी ते आपणहून म्हणतं की मला नाही जायचं.

घाटावरचा

सुमनताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण धाग्यात आता भोंडला, शिमगा, जोगवा, शिडी सगळं आलं. कॅन्डीचा खर्च कुणी काढतच नाही. कॉस्टकोसारख्या घाऊक दुकानातून मोठमोठ्या पिशव्या आणाव्या लागतात, सातपर्यंत त्या संपतात. गाड्या भरभरून मुलं दुसऱ्या वस्त्यांतून येतात. आमच्या मुलांसाठी, आमच्या शेजाऱ्यांसाठी ठेवलेलं कुठलेकुठले मोठे पोरगे नेतात. मी बोललो की मी दुष्ट!

कोजागरी

घाटावरचा, आता तुमचं खरं दुखणं बाहेर आलं. अडचण वयाची नाहीच, "दुसऱ्या वस्त्यांतून" येणाऱ्यांची आहे. ती मुलं का येतात ते विचारा. जिथे अपार्टमेंटचे जिने आहेत, फुटपाथ नाही, पोर्चवर दिवा नाही, तिथे कुठल्या दारात जायचं? तुम्ही आणि मी या देशात आलो तेव्हा कुठे राहत होतो? आम्ही हायवेला लागून एका खोलीत होतो. मुलगा दोन वर्षांचा होता, आणि आम्हीच त्याला गाडीत घालून दुसऱ्यांच्या मोठ्या घरांच्या गल्लीत नेलं होतं. कुणी "तुम्ही इथले नाही" म्हटलं नाही.

घाटावरचा

माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका. मी गरिबांना नाही म्हटलेलं नाही. मी स्वतः तीन जणांत एक गादी वाटून राहिलोय. मला उर्मट मुलांचा राग आहे. जिन्यातलं असो की बंगल्यातलं, उर्मट ते उर्मट.

अबोली

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. हॅलोवीन हा त्याचा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. दरवर्षी तोच पोशाख लागतो, अग्निशामक दलाचा, आता मोठ्या मापाचा शिवून घ्यावा लागतो. त्याला घराघराचा क्रम पाठ आहे. बेल वाजवायची, दार उघडायचं, भांडं पुढे यायचं, हे त्याला कळतं, आणि त्या संध्याकाळी जग त्याच्या नियमाने चालतं.

घाटावरचा म्हणतात "तोंडातून शब्द नाही". माझ्या मुलाच्या तोंडातून येणार नाही. तो डोळ्याला डोळा देणार नाही. हावरेपणाने दोन उचलेल, कारण मागच्या घरी दोन मिळाली. त्याला मिशा आहेत. मी तीन पावलं मागे उभी असते आणि प्रत्येक दाराशी माझं पोट ढवळून निघतं.

काही पालक ऑटिझम असलेल्या मुलांच्या हाती निळी बादली देतात, म्हणजे लोकांनी समजून घ्यावं. मी नाही देत. दारोदार त्याचा आजार जाहीर करत का फिरवू त्याला? बाकीच्या मुलांना कॅन्डीसाठी कागद दाखवावे लागत नाहीत.

घाटावरचा

अबोलीताई, अशा मुलांचा प्रश्नच नाही. त्यांना कोण नाही म्हणेल?

अबोली

म्हणतात. कारण दार उघडणाऱ्याला "अशी मुलं" ओळखू येत नाहीत. तुम्हालाही आली नसती. तुमचा नियम त्यालाच आधी लागतो, कारण बाकीचे वय खोटं सांगून सुटतात. हा तेही करू शकत नाही.

घाटावरचा

मान्य. हे एक मान्य. बाकीचं नाही.

टोरांटोकर मीना

कायद्याने हे सुटतं का, ते लोकांनी करून पाहिलंय. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहराने १९७० मध्ये नियम केला, बारा वर्षांवरच्याने कॅन्डी मागितली तर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. नियम दशकानुदशकं पुस्तकात पडून होता. मग त्याची बातमी देशभर पसरली, शहराचं हसं झालं आणि २०१९ मध्ये वय चौदा केलं, तुरुंग काढला. आमच्या कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या बॅथर्स्टने चौदाची मर्यादा २०१७ मध्ये सोळा केली. म्हणजे आकडा लिहिणाऱ्यांनाही तो टिकवता आला नाही.

माझं मत वेगळं आहे. वय सोडा, वेळ पाळा. ३१ ऑक्टोबरला टोरांटोत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. सातपर्यंत छोटी मुलं फिरून होतात, स्नोसूटवर परीचे पंख चढवलेली, निम्मी बाबागाडीत झोपलेली. त्यानंतर साडेआठपर्यंत मोठ्यांची पाळी. मी लहानांसाठीचं भांडं वेगळं ठेवते, मोठ्यांसाठी वेगळं. साडेआठला दिवा बंद. दिवा बंद म्हणजे बेल वाजवायची नाही, हे इथे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. या पद्धतीने आमच्याकडे कुणी कुणाला वय विचारत नाही.

खिडकी

सगळे कॅन्डीवर बोलताय. मी दारामागच्या माणसावर बोलते.

१९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हातोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला होता. तो ज्यांच्याकडे राहत होता त्यांचा मुलगा बरोबर होता. पत्ता चुकला, भलत्याच घराची बेल वाजवली. घरातली बाई घाबरली, नवरा बंदूक घेऊन आला, "फ्रीझ", म्हणजे हलू नकोस, असं ओरडला. मुलाला ते कळलं नाही, तो हसत पुढे आला आणि गोळी लागून मेला. १९९३ मध्ये ज्यूरीने त्या माणसाला निर्दोष सोडलं. त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे बंदुकांविरुद्ध दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या.

आम्ही दक्षिणेत राहतो. माझा मुलगा सावळा आहे, पंधरा वर्षांचा आहे, खांदे रुंद आहेत. मुखवटा लावून तो काळोखात कुणाच्या अंगणात पाऊल टाकेल, हे मला सहन होत नाही. तेराव्या वर्षी मी त्याचं हॅलोवीन बंद केलं. तो चिडला, महिनाभर नीट बोलला नाही. मला चालतं. शिष्टाचार, बालपण, शिमगा, हे सगळं तो सुखरूप घरी असल्यावर.

कोजागरी

खिडकी, तुमची भीती खोटी नाही. पण मग ऐका, वयाची ही चर्चा तुमच्या मुलाला जास्त धोक्यात घालते. "मोठी मुलं या रात्री फिरतच नाहीत" असं एकदा गल्लीने ठरवलं की दारात उभा असलेला प्रत्येक उंच मुलगा संशयित होतो. पंधरा वर्षांची मुलं सोंगं घेऊन फिरतात हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचं असेल, तर दार उघडणारा दचकणार नाही. आमच्या ग्रुपवरच्या त्या पोस्टने नेमकं उलटं केलं. दुसऱ्याच्या भीतीपायी आपल्याच मुलांना किती लहान करत न्यायचं?

खिडकी

ते तुम्ही मिशिगनच्या तुमच्या कॉलनीत बसून म्हणू शकता. लोकांच्या डोळ्यांना सवय लावायला मी माझा मुलगा देणार नाही. दुसऱ्या कुणीतरी लावावी.

बारक्या

खिडकीताई, तुम्हाला चूक म्हणत नाही, पण एक सांगतो. मला आईने थांबवलं तेव्हा कारण दिलं नव्हतं. "लोक काय म्हणतील" एवढंच. मी समजलो की आईला माझी लाज वाटते. बऱ्याच वर्षांनी तिने सांगितलं की तिलाही तीच भीती होती, माझा रंग आणि माझी उंची. ते तेव्हा सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, आणि बेसमेंटमध्येही गेलो नसतो. तुमच्या मुलाला हातोरीची हकीकत सांगितलीत का?

खिडकी

नाही. त्याने प्रत्येक दाराला घाबरू नये म्हणून नाही सांगितली. पण तुझं बरोबर आहे, तो आता पंधराचा आहे. सांगेन.

रोखठोक

सुमनताईंचं जोगव्याचं मी दोनदा वाचलं. माझ्या आईचं मत मी बदलणार नाही, मुलांना मी पाठवणार नाही. पण या वर्षी दारात येतील त्यांना परत पाठवायचं नाही, एवढं ठरवलंय. चॉकलेट मात्र देणार नाही. दिवाळीच्या चकल्या आणि कडबोळी छोट्या पाकिटांत घालून देईन.

टोरांटोकर मीना

रोखठोक, घरी केलेलं उघडं खाणं देऊ नका. पालक ते थेट कचऱ्यात टाकतात, ॲलर्जीचा प्रश्न असतो. २०१४ पासून अमेरिकेत ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवतात, म्हणजे इथे खाण्याऐवजी पेन्सिली, स्टिकर, छोटी खेळणी मिळतात. तसं काहीतरी ठेवा. चकल्या कष्टाने कराल आणि कुणी खाणार नाही.

रोखठोक

माझ्या बायकोच्या चकल्या कुणी कचऱ्यात टाकणार असेल तर त्याला पेन्सिलच मिळेल.

दापोलीवाला

होळीच्या लाकडांचा मुद्दा अजून तसाच आहे. भरपाईची पद्धत आमच्याकडे खरंच होती. माझ्या चुलत्यांची बैलगाडीची जुनी साटी पोरांनी नेली तेव्हा दुसऱ्या दिवशी गावकीत विषय निघाला, पोरांच्या बापांनी वर्गणी काढली आणि सुताराकडून नवी करून दिली. त्या पोरांपैकी सगळ्यात मोठा होता त्याला सुताराकडे राबायला पाठवलं. म्हणून म्हणतो, मोठ्या पोरांना सणातून हाकलू नका, त्यांच्यावर काम टाका. कोजागरीताईंचा मुलगा लहानांना चॉकलेट वाटत होता, ते हेच आहे.

कोजागरी

दापोलीवाला, हे मनापासून पटलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना मोठी मुलं टॉर्च घेऊन उभी करायची, रस्ता ओलांडताना छोट्यांना हात द्यायचा, आणि त्याबदल्यात शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी हव्या त्या घरी जायचं. हे मी आमच्या ग्रुपवर आज लिहिणार आहे, त्या बाईंच्या पोस्टखालीच. मुलगा तयार आहे, त्याने पाच मित्रांना विचारलंसुद्धा. खिडकी, तुम्ही लांब राहता, पण तुमच्याही गल्लीत असं करता आलं तर बघा. टॉर्च आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला मुलगा कुणाला घाबरवत नाही.

खिडकी

जाकिटाचं चालेल. मुखवटा नाही, आणि कुणाच्या अंगणात पाऊल नाही, फुटपाथवरच. एवढ्यावर मी विचार करेन.

घाटावरचा

टॉर्चवाल्यांना मी स्वतः अख्खे बार देईन, लहान तुकडे नाही. ज्याने सोंग घेतलंय त्याला चौदापर्यंत देईन. त्यापुढचा आला, सोंग आहे, वागणं धड आहे, तरी देईन, पण लहानांची रांग संपल्यावर. हुडी आणि अभ्रा घेऊन आला तर नाही म्हणजे नाही, मग तो दहा वर्षांचा असला तरी. यापेक्षा जास्त माझ्याकडून ओढू नका.